कचरागाडीचं गाणं आणि शेरूचा अंदाज

इंदुरात सकाळची कचरागाडी गाणं वाजवत येते. रामबागेतल्या आमच्या गल्लीत ते ऐकू आलं की लोक ओल्या-सुक्याचे डबे घेऊन खाली उतरतात, आणि समोरच्या काकू डब्यांसोबत रात्रीची उरलेली पोळीही आणतात. पोळी शेरूची. शेरू हा गल्लीतला भुरा कुत्रा, कुणा एकाचा नाही म्हणून सगळ्यांचा. गाडी दोन गल्ल्या पलीकडे असते तेव्हाच तो काकूंच्या फाटकाशी येऊन बसतो. कान गाण्याकडे, डोळे दारावर.

गाण्याला वास नाही, चव नाही. त्याच्यामागून पोळी येते हे शेरूला कुणी सांगितलेलंही नाही. मग हे त्याच्या डोक्यात शिरलं कसं? आणि शिरल्यावर, उन्हात पसरलेलं अंग उचलून फाटकापर्यंत जायचं हे ठरलं कुठे? शिकणं आणि ठरवणं या दोन गोष्टी आपण वेगळ्या धरतो. मेंदूत त्या बऱ्याच अंशी एकाच यंत्रणेवर चालतात, आणि तिचा पाया आहे अंदाज.

कुत्रा, आवाज आणि खाणं म्हटलं की रशियन शास्त्रज्ञ पावलोव आठवतो, आणि पावलोव म्हटलं की घंटा. खरं तर सेंट पीटर्सबर्गच्या त्याच्या प्रयोगशाळेत मेट्रोनोम, बझर, दिवे असं बरंच काही वापरलं जाई, आणि १९०४चं नोबेल त्याला मिळालं ते पचनावरच्या कामासाठी. आवाजाची आणि अन्नाची गाठ पडते हे त्याने पक्कं करून दाखवलं. ती कशी पडते हे कळायला मात्र पुढे बराच काळ जावा लागला.

मधली कित्येक वर्षं समज असा होता की दोन गोष्टी एकामागोमाग पुष्कळदा घडल्या की मेंदू त्यांना आपोआप बांधतो. गाणं, पोळी, गाणं, पोळी, झालं शिक्षण. १९६०च्या दशकाच्या अखेरीस लिओन कामिन यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगाने ही समजूत मोडली. त्यांनी उंदरांना आधी शिकवलं की एक आवाज झाला की विजेचा सौम्य झटका बसतो. उंदीर आवाजाला घाबरू लागले. मग आवाजासोबत दिवाही लावायला सुरुवात केली. दोन्ही एकत्र, मग झटका, असं अनेकदा. शेवटी नुसता दिवा लावला. जुन्या समजुतीप्रमाणे उंदरांनी दिव्यालाही घाबरायला हवं होतं, कारण दिवा आणि झटका कितीतरी वेळा सोबत आले होते. पण दिव्याचं त्यांना जवळपास काहीच वाटलं नाही.

आपल्या गल्लीत आणून बघा. उद्यापासून गाडी गाण्याबरोबर पिवळा दिवाही फिरवत येऊ लागली आणि महिनाभर दोन्हींच्या मागून पोळी येत राहिली. मग एके दिवशी गाणं बिघडलं, गाडी नुसता दिवा फिरवत आली. कामिनच्या उंदरांवरून सांगायचं तर शेरू जागचा हलणार नाही. दिवा त्याला दिसत नव्हता असं नाही. दिव्याने त्याला नवीन काही सांगितलं नव्हतं, कारण पोळी येणार हे गाण्याने आधीच सांगून टाकलेलं होतं.

१९७२ साली रॉबर्ट रेस्कोर्ला आणि अ‍ॅलन वॅग्नर यांनी हे एका छोट्या सूत्रात बसवलं. सूत्राचा मथितार्थ असा: शिकणं किती होईल हे मिळालेल्या गोष्टीवर ठरत नाही, अपेक्षा आणि प्राप्ती यांतल्या तफावतीवर ठरतं. तफावत मोठी तर शिक्षण मोठं. तफावत नाही तर शिक्षण नाही, मग बक्षीस कितीही वेळा मिळो. पाठ झालेल्या पाढ्यासाठी रोज शाबासकी दिली तर मुलाला आनंद होईल, पण पाढा अधिक पाठ होणार नाही.

हे सगळं वागण्यावरून काढलेलं. डोक्याच्या आत खरंच अशी तफावत मोजणारं काही असतं का, हे बघायला स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबुर्गला जावं लागतं. तिथे वोल्फ्राम शुल्ट्झ माकडांच्या मध्यमेंदूतल्या, डोपामिन हे निरोपाचं रसायन बनवणाऱ्या चेतापेशींचे विजेचे ठोके टिपत होते. या पेशी एरवीही सेकंदाला थोडे ठोके देतच असतात. माकडाच्या जिभेवर अचानक फळाच्या रसाचा थेंब पडला की त्या एकदम ठोक्यांची सर सोडत. मग रसाच्या थोडं आधी दिवा लागू लागला. माकडाला दिव्याचा अर्थ उमगत गेला तशी ती सर रसावरून सरकून दिव्यावर आली. रस मिळाला तरी पेशी आता आपल्या रोजच्या लयीत. आणि दिवा लागूनही रस दिलाच नाही, तर ज्या क्षणी तो यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी ठोके थांबत.

हा शेवटचा भाग सावकाश वाचण्याजोगा आहे. बाहेर काहीच घडलेलं नाही, आणि त्या न घडण्याची नोंद पेशीने वेळेवर केली. न आलेल्या गोष्टीची वेळ कळायची तर ती कधी यायची होती हे मेंदूत आधी कुठेतरी मांडून ठेवलेलं असलं पाहिजे.

याच सुमारास अगदी वेगळ्या दालनात रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो हे दोघे यंत्राला अनुभवातून शिकवण्याचं गणित मांडत होते. पुढच्या क्षणाचा अंदाज आणि आत्ताचा अंदाज यांतला फरक काढायचा आणि त्या फरकाने जुना अंदाज सुधारायचा, अशी ती रीत. पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांना या गणितातून निघणारी संख्या आणि शुल्ट्झ यांच्या माकडांचे ठोके यांत एकच आकार दिसला, आणि १९९७ साली तिघांनी मिळून तो ‘सायन्स’मध्ये मांडला. गेल्या पन्नास वर्षांतला मेंदूविज्ञानातला सर्वांत देखणा मेळ मला हाच वाटतो. त्याला निव्वळ योगायोग म्हणता येत नाही, कारण सटन-बार्टोंनी मुळात प्राण्यांच्या मानसशास्त्रातूनच सुरुवात केली होती. या दोघांना संगणकशास्त्रातलं २०२४चं ट्यूरिंग पारितोषिक मिळालं ते याच कामासाठी.

आता हा तफावतीचा निरोप पोहोचतो कुठे? माणसाच्या मेंदूत साधारण ८६ अब्ज चेतापेशी आहेत. त्यांत मध्यमेंदूतल्या डोपामिनवाल्या जेमतेम काही लाख. पण त्यांच्या फांद्या अफाट पसरतात, एकेकीच्या हजारो पेशींपर्यंत. त्यामुळे निरोप एका पत्त्यावर जात नाही, सभेच्या भोंग्यासारखा अख्ख्या मोहल्ल्याला एकदम ऐकू येतो. मग ज्या जोडांनी शेरूला फाटकाशी आणलं तेच जोड पक्के व्हावेत, शेजारचे नाही, हे कसं साधतं? उत्तर वेळेत आहे. दोन पेशींमधल्या ज्या जोडातून नुकताच संदेश गेला, तो काही क्षण खुणेचा राहतो. २०१४ साली जपानी संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत मोजून दाखवलं की संदेशानंतर साधारण ०.३ ते २ सेकंदांत डोपामिन पोहोचलं तरच तो जोड फुगून बळकट होतो. आधी आलं तर उपयोग नाही, फार उशिरा आलं तरी नाही. कुत्र्याला शिकवणारे जुने लोक सांगतात की बिस्कीट लगेच द्या, घरात जाऊन शोधत बसू नका. त्या सल्ल्याला हा आधार आहे.

इथे डोपामिनच्या बदनामीबद्दल बोलायलाच हवं. रील्समध्ये डोपामिन म्हणजे ‘सुखाचं रसायन’ आणि मोबाइल बाजूला ठेवला की त्याचा ‘डिटॉक्स’. मला हे वाचून वैताग येतो. मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळपास संपवलं. उंदरांनी खाणं सोडलं, समोर अन्न असूनही. म्हणजे सुख गेलं? तोंडात साखरेचं पाणी सोडल्यावर त्यांनी जीभ बाहेर काढून ओठ चाटले, धडधाकट उंदीर चाटतात तसेच. गोडी शाबूत होती, तिच्यासाठी उठावंसं वाटणं गेलं होतं. आवडणं आणि हवंसं वाटणं यांची मेंदूत फारकत होऊ शकते, आणि व्यसनाच्या आजारात हीच फारकत उलट्या बाजूने दिसते: गोष्ट आवडेनाशी झालेली असते, पण तिची ओढ वाढतच जाते.

शेरूच्या मेंदूत अर्थातच कुणी तारा घातलेल्या नाहीत, आणि घालूही नयेत. भटक्या कुत्र्यांवर आपल्याकडे चांगलं काम झालंय ते वागण्याच्या अंगाने. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत अनिंदिता भद्रा यांचा गट वर्षानुवर्षं रस्त्यावरची कुत्री पाहतो आहे. अनोळखी माणसाने वारंवार खाऊ दिला किंवा वारंवार पाठीवरून हात फिरवला, यांत कुत्री हात फिरवणाऱ्यावर अधिक विश्वास टाकू लागली, असं त्यांना आढळलं. तेव्हा बक्षीस म्हणजे पोळीच असं धरून चालत नाही.

मेंदूतल्या वायरिंगचा सगळ्यात स्वच्छ नकाशा मिळाला आहे तो मात्र केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिमुकल्या फळमाशीत. २०२४ साली प्रौढ फळमाशीच्या अख्ख्या मेंदूचा आराखडा प्रसिद्ध झाला: १,३९,२५५ चेतापेशी आणि त्यांच्यातले पाच कोटींच्या घरातले जोड. वासावरून धोका ओळखायला माशी शिकते हे सेमूर बेंझर यांच्या प्रयोगशाळेने १९७४ मध्येच दाखवलं होतं, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबैद सिद्दिकी व व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी त्याच दशकात माशीच्या वास-चवीच्या जनुकांचा माग काढायला सुरुवात केली होती. माशीच्या मेंदूत ‘मशरूम बॉडी’ नावाचा भाग असतो, प्रत्येक बाजूला दोनेक हजार पेशींचा. एखादा वास आला की त्यांतल्या मोजक्याच जाग्या होतात. त्याच वेळी झटका बसला तर डोपामिन येतं आणि त्या जाग्या पेशींचे ‘जवळ जा’ म्हणणाऱ्या पेशीशी असलेले जोड कमजोर करतं. पारडं आपोआप ‘दूर हो’कडे झुकतं. नवा जोड बांधायची गरजच पडली नाही, जुना सैल केला की शिक्षण झालं. माशी आणि माणूस यांचे पूर्वज वेगळे होऊन पन्नास कोटींहून अधिक वर्षं लोटली, तरी शिकवण्याच्या कामात दोन्हीकडे डोपामिनच आहे.

शिकलेलं पुसलं जातं का? इंदूर स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ साली पहिलं आलं, त्या सुमारास कोपऱ्याकोपऱ्यावरच्या कचरापेट्या उठल्या. कुत्र्यांचं भरलेलं ताटच उठलं म्हणा. मोठ्या कुत्र्यांची फेरी काही काळ त्या रिकाम्या कोपऱ्यावरून जात राहिली, मग बंद पडली. तिथे अंदाज रोज चुकत होता, अपेक्षा रोज थोडी उतरत होती, इथवर सूत्र बरोबर आहे. पण अपेक्षा शून्यावर आली म्हणजे आठवण गेली असं नाही. विझलेला प्रतिसाद काही दिवसांच्या खंडानंतर आपसूक परत येतो, हे पावलोवनेच पाहिलं होतं. भीतीच्या बाबतीत तर आता ठाऊक आहे की जुनी आठवण मेंदूच्या आतल्या अमिग्डाला नावाच्या भागात टिकून असते आणि कपाळामागच्या प्रिफ्रंटल भागातून ‘आता धोका नाही’ हा नवा धडा तिच्यावर दाब ठेवतो. जागा बदलली, ताण वाढला की दाब सुटतो. भीतीवर उपचार घेऊन बऱ्या झालेल्या माणसाला ती नव्या ठिकाणी पुन्हा गाठते ती यामुळेच.

सेकंदांच्या हिशेबाला एक मोठा अपवाद आहे. उंदराला नवी चव दिली आणि काही तासांनी मळमळ झाली, तर तो ती चव एकाच फटक्यात टाळायला शिकतो. जॉन गार्सिया यांनी हे दाखवलं तेव्हा अनेकांनी विश्वासच ठेवला नाही. १९६६च्या त्यांच्या प्रयोगात आणखी गंमत अशी की मळमळीचा दोष उंदीर चवीला देत, दिव्याला किंवा आवाजाला नाही. झटक्याचं बरोबर उलट: त्याचा दोष दिव्या-आवाजाला, चवीला नाही. उन्हाळ्यात उतरलेली मावाबाटी खाऊन एकदा पोट बिघडलं की माणूस मावाबाटीवर राग धरतो, दुकानातल्या पंख्यावर नाही. अलीकडे दिसलंय की मळमळीच्या वेळी त्या नव्या चवीने जाग्या झालेल्या अमिग्डालातल्या पेशी पुन्हा उठतात. तासांचं अंतर मेंदू असं आत मिटवून घेतो.

आता ठरवण्याकडे येऊ. मेंदूच्या पोटात स्ट्रायटम नावाचा भाग आहे, मध्यमेंदूतलं डोपामिन सगळ्यात जास्त तिथेच ओतलं जातं. वरच्या थरातून, कॉर्टेक्समधून, ‘हे करू का, ते करू का’ असे प्रस्ताव इथे येतात. या यंत्रणेतून बाहेर जाणारा संदेश एरवी सतत ‘नको’ असाच असतो. हालचाल होते ती एखाद्या प्रस्तावावरचं ‘नको’ उठतं तेव्हा. स्ट्रायटमच्या पेशींचे दोन गट आहेत. एक ‘नको’ उठवतो, दुसरा ते आणखी घट्ट करतो. डोपामिनची सर आली की पहिल्या गटाचे जोड बळावतात, ठोके थांबले की दुसऱ्याचे. म्हणजे कालच्या अंदाजांच्या चुका आजच्या निवडीत अशा मुरतात. २०१० साली उंदरांत हे गट प्रकाशाने चालू करून पाहिले: पहिल्याने उंदीर धावू लागले, दुसऱ्याने थिजले. पाठ्यपुस्तकांत हे ‘चल’ आणि ‘थांब’ म्हणून येतं. चित्र इतकं सोपं नाही, कारण हालचाल सुरू होताना दोन्ही गट एकदम जागे होतात असं २०१३ मध्ये दिसलं. बहुधा पहिला गट हवी ती हालचाल मोकळी करतो आणि दुसरा त्याच वेळी बाकीच्या दाबून धरतो.

पार्किन्सनच्या आजारात याच डोपामिनच्या पेशी मरतात. हात उचलायचं मनात येतं, पण ‘नको’ उठत नाही. मायकेल फ्रँक आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलेली गोष्ट अधिक सूक्ष्म आहे: औषध न घेतलेले रुग्ण चुकीच्या निवडींतून चांगलं शिकत, आणि डोपामिन वाढवणारं औषध घेतल्यावर बरोबर आलेल्या निवडींतून. औषधाने नुसता हात हलला नाही, शिकण्याचा कल बदलला.

पण ठरवणारी व्यवस्था एकच नाही. केंब्रिजमध्ये ख्रिस्तोफर अ‍ॅडम्स आणि अँथनी डिकिन्सन यांनी उंदरांना कळ दाबून साखरेच्या गोळ्या मिळवायला शिकवलं, मग त्याच गोळ्यांची मळमळीशी सांगड घातली. थोडंच शिकलेल्या उंदरांनी कळ दाबणं कमी केलं. गोळी नकोशी झाली, मग कळ कशाला? फार काळ सराव झालेले उंदीर मात्र कळ दाबत राहिले. स्ट्रायटमचा आतला भाग परिणामाकडे बघून ठरवतो, बाहेरचा भाग सवयीने. सरावाने कारभार आतून बाहेर सरकतो, आणि बाहेरचा भाग निकामी केला की उंदीर पुन्हा परिणाम बघू लागतात. डॉक्टरांनी जिलबी बंद केलेली माणसं छप्पन दुकान या खाऊच्या बाजारात पोह्यांच्या ताटलीशी उभी असतात तेव्हा त्यांचा हात कुठे जातो, हे इंदूरकरांना सांगायला नको. सवयीला नावं ठेवण्यात मात्र अर्थ नाही. प्रत्येक घासाचा परिणाम तोलत बसलो तर पोहे गार होतील.

याच्या दुसऱ्या टोकाला आहे थांबून विचार करणं. तेही उंदीर करतात. चौकात आले की कधी कधी अडखळतात, एकदा डावीकडे बघतात, एकदा उजवीकडे; एडवर्ड टोलमन यांनी १९३०च्या दशकातच याची दखल घेतली होती. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात जागा ओळखणाऱ्या पेशी असतात, एक पेशी एका जागी जागी होते; जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं आणि २०१४च्या नोबेलचा अर्धा वाटा त्यांना मिळाला. मिनेसोटात अ‍ॅडम जॉन्सन आणि डेव्हिड रेडिश यांनी २००७ मध्ये पाहिलं की चौकात अडखळलेल्या उंदराच्या मेंदूत पुढच्या वाटेवरच्या पेशी ओळीने जाग्या होतात, आधी एका फाट्याच्या, मग दुसऱ्या. उंदीर उभा एका जागी, आणि मेंदू दोन्ही रस्ते चालून आलेला.

मग शेवटी ठरतं कुठे? बारा प्रयोगशाळांनी मिळून हा प्रश्न एकाच खेळाने विचारला. उंदराने पुढच्या पायांनी छोटं चाक फिरवून पडद्यावरची पट्टेदार आकृती मधे आणायची. बरोबर आलं की गोड पाणी. १३९ उंदीर, मेंदूचे २७९ भाग, सहा लाखांहून अधिक पेशींच्या नोंदी. निष्कर्ष २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आले. निर्णयाच्या खुणा एखाद्या कोपऱ्यात सापडल्या नाहीत, जवळजवळ सगळीकडे विखुरलेल्या मिळाल्या. खेळात एक खोच होती: काही काळ आकृती बहुतेक वेळा डावीकडे येई, मग न सांगता बहुतेक वेळा उजवीकडे. उंदीर हा कल ओळखून अंदाज बांधत, आणि आकृती फिकट असली की त्यावरच विसंबत. हा अंदाज फक्त विचार करणाऱ्या वरच्या भागांत असेल असं अनेकांना वाटत होतं. तो डोळ्यांकडून आलेला संदेश जिथे अगदी सुरुवातीला पोहोचतो त्या भागांतही निघाला, आणि आकृती पडद्यावर यायच्या आधीपासून तिथे होता.